टांकसाळीतल्या ठसेकारांची टोकनं: ओळखायची कशी, जमवायची कशी

सोलापुरात मधल्या मारुतीकडून सराफ कट्ट्यावर आलं, की एका बोळात ठशांचं काम करणारे एक जुने कारागीर बसतात. त्यांच्याकडे देवाचे टाक काढायचे काशाचे ठसे आहेत. खंडोबा, तुळजाभवानी, ज्योतिबा, पूर्वज म्हणून देव्हाऱ्यात बसवायचा वीर. खंडोबाचा ठसा मी पहिल्यांदा हातात घेतला तेव्हा काही उमगेना. घोडा असायला हवा तिथे खड्डा, आणि तलवार डाव्या हातात. "काका, देव डावरा कसा?" मी विचारलं. त्यांनी चांदीचा पातळ पत्रा ठशावर ठेवला, वर शिशाचा तुकडा धरला आणि हातोडीचे चार-पाच ठोके घातले. पत्रा उचलला, तर खंडोबा उजव्या हातात तलवार घेऊन घोड्यावर. "आम्ही उलटं कोरायचं, मग तुम्हाला सुलटं दिसतं," ते म्हणाले आणि पुढच्या कामाला लागले.

नाण्यांच्या नादाला लागून मला वीस-एक वर्षं झाली, पण ठसा म्हणजे काय ते मला त्या दुपारी समजलं. टांकसाळीतलं नाणं, छातीवर लावायचं पदक, कँटीनचं टोकन, घरातला टाक, पुतळीहारातली एकेक पुतळी, या सगळ्यांच्या मागे कुणीतरी एक माणूस उलटं कोरत बसलेला असतो. त्याला मी ठसेकार म्हणतो. मोठमोठ्या टांकसाळींत काम केलेल्या किंवा त्या तोलाच्या ठसेकारांनी नाण्यांखेरीज जी टोकनं बनवली, ती जमवणं हा नाणेसंग्रहातला एक छोटा, थोडा अवघड, पण फार गोड कोपरा आहे. तो नव्या माणसाला सोपा व्हावा म्हणून हे सगळं सविस्तर लिहितो आहे.

आधी टोकन म्हणजे काय ते पाहू. मध्यंतरी सुट्ट्या पैशांची ओढाताण होती तेव्हा किराणा दुकानदार रुपयाऐवजी चॉकलेट हातावर ठेवायचे, ते आठवतं? काही ठिकाणी दुकानदार स्वतःचं कुपन द्यायचे, पुढच्या वेळी आणा, वळतं करून घेऊ म्हणून. त्या कुपनामागे सरकार नव्हतं, दुकानदाराचा शब्द होता. टोकन म्हणजे नेमकं तेच, फक्त धातूचं. नाण्यामागे राज्य उभं असतं, टोकनामागे एखादी खाण, गिरणी, मळा किंवा दुकान. आणि पदक हे पैशाच्या कामाचंच नसतं, ते आठवणीसाठी किंवा मानासाठी. या तिघांचे मालक वेगळे, काम वेगळं, पण ठसा कोरणारा हात पुष्कळदा एकच असतो.

आता गंमत अशी, की नाणं कोरताना ठसेकाराचे हात बांधलेले असतात. राजाचं तोंड कुठल्या बाजूला असावं, अक्षरं कोणती, वजन किती, उठाव किती, सगळं वरून ठरून येतं. लाखोंनी नाणी पाडायची तर ठसा टिकला पाहिजे, म्हणून कोरीव काम उथळ ठेवावं लागतं. टोकनाचं गिऱ्हाईक मात्र खासगी. ते म्हणतं, माझी खाण दाखवा, माझं गाव दाखवा, लोकांना हातात धरावंसं वाटेल असं काहीतरी करा. तिथे ठसेकाराला मोकळा श्वास मिळतो, आणि अनेकदा तो आपल्या नावाचं एखादं बारीक अक्षर कोपऱ्यात सोडून जातो. मला या टोकनांचं वेड लागलं ते याच अक्षरांमुळे.

ठसा तयार कसा होतो, हे नीट समजून घेतलं तर पुढचं सगळं सोपं जातं. जुन्या काळी मऊ पोलादाच्या ठोकळ्यावर ठसेकार छिन्नीने चित्र खोलात कोरायचा. अधूनमधून मेण किंवा तत्सम मऊ वस्तू त्यावर दाबून सुलटं चित्र कसं येतंय ते बघायचा. चित्र झालं, की कडेची अक्षरं. ती बहुधा कोरलेली नसतात, ठोकलेली असतात. एकेका अक्षराचा पोलादी पंच घ्यायचा, जागा साधायची आणि हातोडी मारायची. त्यामुळे कधी एखादं अक्षर तिरकं बसतं, कधी दोनदा ठोकल्याची सावली दिसते. मग ठोकळा तापवून, पाण्यात विझवून कडक करायचा. याच वेळी ठसा तडकायची भीती सर्वात जास्त, महिन्याची मेहनत क्षणात जाते. एकोणिसाव्या शतकात एक यंत्र रूढ झालं, मोठ्या नमुन्यावरून सुई फिरवून लहान ठसा कापणारं. तेव्हापासून ठसेकार हातभर मोठ्या प्लास्टरच्या नमुन्यावर काम करू लागला आणि यंत्र ते आकसून देऊ लागलं. त्या यंत्राने अचूकपणा आणला हे खरंच, तरी हाताने कोरलेल्या ठशाची जी किंचित थरथर असते ती नंतरच्या कामात सापडत नाही. मी अजून जुन्याच कामाच्या प्रेमात आहे.

या छंदातलं सोन्याचं पर्व म्हणजे इंग्लंडमधली १७८७ ते १७९७ ही दहा वर्षं. तिथल्या सरकारी टांकसाळीने तांब्याची खुर्दा नाणी पाडणं जवळजवळ थांबवलं होतं. कारखाने वाढत होते, मजुरांना आठवड्याचा पगार द्यायचा तर सुट्टे नाहीत. जी तांब्याची नाणी फिरत होती त्यांत खोट्यांचा सुळसुळाट. वेल्सजवळच्या अँगलसी बेटावर पॅरिस डोंगरात तांब्याची प्रचंड खाण होती. (या पॅरिसचा फ्रान्सशी काही संबंध नाही.) त्या खाणकंपनीने १७८७ मध्ये आपल्याच तांब्याची टोकनं पाडली. ठसा कोरला बर्मिंगहॅमच्या जॉन ग्रेगरी हॅनकॉकने.

त्या मालिकेतलं १७८८ चं एक टोकन माझ्याकडे आहे. पुण्याच्या एका नाणे प्रदर्शनात घेतलं, झिजलेलं आहे म्हणूनच परवडलं. तळहातावर ठेवलं की पहिल्यांदा वजन जाणवतं. आपला राणी छाप चांदीचा रुपया ११.६६ ग्रॅमचा. हे टोकन त्याच्या दुपटीहून जड आहे. पुढच्या बाजूला डोक्यावरून वस्त्र ओढलेला दाढीवाला म्हातारा, तो त्या भागातला प्राचीन पुरोहित, ड्रुइड. डोळा अर्धा मिटलेला. दाढीचे केस एकेक वेगळे नाहीत, लाटेसारखे आहेत, तरी दाढी ओली असावी असं वाटतं. भोवती ओकच्या पानांची माळ आणि त्यात ओकची फळं. ही फळं संग्राहक मोजतात. हो, खरंच मोजतात, कारण ठसे पुन्हा पुन्हा कोरावे लागले आणि दर ठशात फळांची संख्या, पानांची ठेवण थोडी बदलली, त्यावरून उपप्रकार ठरतात. मागच्या बाजूला कंपनीची गुंफलेली अक्षरं आणि भोवती वचन: धारकास एक पेनी देण्याचे आम्ही वचन देतो. आपल्या शंभराच्या नोटेवरचं वाक्य आठवा. कडेवर कोरलंय की हे पैसे लंडन, लिव्हरपूल किंवा अँगलसीत मागताच मिळतील. मला हे टोकन आवडतं ते याच कारणाने. एक कंपनी, एक शब्द, आणि तो शब्द खरा वाटावा म्हणून हॅनकॉकने घेतलेले कष्ट.

ही टोकनं एवढी गाजली, की गावोगावचे व्यापारी आपापली टोकनं पाडून घेऊ लागले. हजारो प्रकार झाले. लोक तेव्हाच ती जमवूही लागले. इप्सविचच्या जेम्स काँडर नावाच्या कापड व्यापाऱ्याने १७९८ मध्ये त्यांची यादी छापली, म्हणून आजही या टोकनांना काँडर टोकन म्हणतात. आणि जमवणारे आले तसे त्यांच्यासाठी मुद्दाम दुर्मीळ माल बनवणारेही आले. एका टोकनाची पुढची बाजू, दुसऱ्याची मागची, असे बेजोड ठसे जुळवून थोडेसेच नग पाडायचे आणि हौशी माणसाला विकायचे. संग्राहक अशा नगाला खेचर म्हणतात. म्हणून दुर्मीळ हा शब्द ऐकला की मी आधी विचारतो, मुळात थोडे होते म्हणून दुर्मीळ, की थोडे उरले म्हणून? सतरा ठिकाणी पगार म्हणून फिरलेल्या टोकनाचे पाच-पन्नासच नग उरले असतील तर त्यात माणसांचे हात लागलेले असतात. कपाटात ठेवण्यासाठीच पाडलेल्या खेचराला ते कुठून येणार? किंमत दोघांची सारखी असली तरी माझा हात पहिल्याकडे जातो.

आता टांकसाळीतला माणूस आणि खासगी टोकन यांची थेट गाठ दाखवणारं एक उदाहरण. जॉन मिल्टन हा लंडनच्या रॉयल मिंटमध्ये साहाय्यक ठसेकार म्हणून काम केलेला माणूस. बार्बाडोस बेटावर मळे असलेल्या एका धनिकासाठी त्याने १७८८ ची पेनी कोरली. ते सरकारी नाणं नव्हतं, खासगी टोकनच. एका बाजूला अननस, इतका सुबक की खवल्यांना बोट लावून बघावंसं वाटतं. दुसऱ्या बाजूला एका आफ्रिकी माणसाचं डोकं, त्यावर मुकुट आणि शहामृगाची पिसं, आणि खाली दोन इंग्रजी शब्द, अर्थ: मी सेवा करतो. त्या मळ्यांवर गुलाम राबत होते. कोरीव काम अप्रतिम आहे, आणि ते दोन शब्द वाचून पोटात कालवतं. संग्रहात असा नग असेल तर दोन्ही गोष्टी पाकिटावरच्या चिठ्ठीत लिहाव्यात असं माझं ठाम मत आहे. नुसतं "सुंदर अननस" लिहून ठेवणं अर्धवट आहे.

दुसरं नाव कोनराड हाइनरिश क्युखलर. हा बर्मिंगहॅमजवळच्या सोहो टांकसाळीतला. मॅथ्यू बोल्टनने वाफेच्या यंत्रावर नाणी पाडायला तिथेच सुरुवात केली. १७९७ मध्ये इंग्लंडच्या सरकारने शेवटी तांब्याची पेनी काढायचं ठरवलं आणि ते काम बोल्टनला दिलं. ती पेनी एक औंसाची, रुंद उभ्या काठाची, लोक तिला गाडीचं चाक म्हणू लागले. तिच्यावर राजाच्या वस्त्राच्या घडीत भिंगाखाली एक बारीक के सापडतो, तो क्युखलरचा. हाच क्युखलर आपल्या इतिहासातही येतो. ४ मे १७९९ रोजी श्रीरंगपट्टण पडलं, टिपू सुलतान मारला गेला, आणि त्यानंतर ईस्ट इंडिया कंपनीच्या सैन्याला द्यायचं पदक सोहोमध्ये बनलं. त्यावर सिंहाने वाघाला खाली पाडलंय. वाघ म्हणजे टिपूचं चिन्ह. मागे किल्ल्यावरचा हल्ला. ठसा क्युखलरचा, सही त्याच्या आद्याक्षरांची. बर्मिंगहॅममध्ये बसून या माणसाने कर्नाटकातल्या किल्ल्याची तटबंदी कोरली.

सोहोमधून आपल्याकडे तांब्याची नाणीही आली. मुंबई इलाख्यासाठी तराजूचं चित्र असलेले पैसे, मद्रासेसाठी १८०८ चे दहा आणि वीस कॅश, म्हणजे तिथला तांब्याचा खुर्दा. हे १८०८ चे कॅश घेऊन निघालेलं अ‍ॅडमिरल गार्डनर नावाचं जहाज जानेवारी १८०९ मध्ये इंग्लंडच्या किनाऱ्याजवळ गुडविन सँड्सच्या वाळूत बुडालं आणि १९८० च्या दशकात पाणबुड्यांनी त्यातली नाणी वर काढली. त्यातलं दहा कॅशचं नाणं आजही सामान्य माणसाला परवडतं. ते नाणं आहे, टोकन नाही, पण सोहोचं यंत्रकाम हातात घेऊन बघायचं असेल तर सुरुवात इथून करा. पुढे मुंबईच्या फोर्टात टांकसाळ उभी राहिली तीही वाफेच्या यंत्रांवरच.

वायन घराण्याबद्दल लिहिलं नाही तर हा लेख लंगडा राहील. थॉमस आणि पीटर हे भाऊ बर्मिंगहॅममध्ये ठसे कोरायचे, टोकनांचेसुद्धा. थॉमसचा मुलगा, त्याचंही नाव थॉमस, १८१५ मध्ये रॉयल मिंटचा मुख्य ठसेकार झाला आणि दोनच वर्षांत, पंचविशीत वारला. पीटरचा मुलगा विल्यम १८२८ मध्ये त्या जागेवर आला. म्हणजे टोकनांच्या कारखान्यात लहानाचा मोठा झालेला मुलगा साम्राज्याची नाणी कोरायला बसला. या विल्यमचं काम तुमच्या घरातही असू शकतं. आजीच्या गाठोड्यात, किंवा एखाद्या बंजारा बाईच्या गळ्यातल्या माळेत १८४० चा व्हिक्टोरियाचा रुपया असेल, तर राणीच्या गळ्याच्या कापलेल्या कडेवर भिंग धरा. डब्ल्यू डब्ल्यू दिसेल. विल्यम वायन.

पण प्रत्येक अक्षर ठसेकाराचंच असतं असं नाही, आणि इथे नवे लोक हमखास फसतात. १८३५ च्या रुपयावर राजाच्या गळ्याच्या कडेवर कधी एफ दिसतो, कधी आर एस. ही कलकत्ता टांकसाळीच्या प्रमुखांची, फोर्ब्ज आणि सॉन्डर्स यांची अक्षरं. आजच्या आपल्या नाण्यांवर वर्षाखाली जी चिन्हं असतात, मुंबईचा हिरा, हैदराबादचा तारा, नोएडाचा ठिपका, ती टांकसाळीची खूण. कोलकात्याला खूणच नाही. तेव्हा अक्षर सापडलं की तीन प्रश्न विचारायचे: कोरणाऱ्याचं, टांकसाळीचं, की तिथल्या साहेबाचं? जागेवरून बरंच कळतं. ठसेकार बहुधा चित्राच्या अंगावरच लपतो, गळ्याच्या कडेवर, वस्त्राच्या घडीत, जमिनीच्या रेषेखाली.

ठसेकाराची एक रेघ चुकली तर काय होतं, याचं उदाहरण घरचंच आहे. १९११ च्या पंचम जॉर्जच्या रुपयावर राजाच्या झग्यावर हत्तीचं छोटं चित्र होतं. सोंड आखूड पडली आणि लोकांना ते डुक्कर वाटलं. गदारोळ झाला, नाणी परत घेऊन वितळवली, आणि १९१२ पासून हत्तीला लांब सोंड आणि मोठे कान मिळाले. १९११ आणि १९१२ चा रुपया शेजारी ठेवून भिंगातून बघा. मसुराच्या डाळीपेक्षा लहान जागेत हा सगळा इतिहास घडलाय.

आता नकला आणि पुनर्मुद्रण. ठसा ही टिकाऊ वस्तू आहे, कोरणारा गेला तरी ठसा राहतो. सोहोची टांकसाळ मोडीत निघाली तेव्हा तिथले जुने ठसे डब्ल्यू. जे. टेलर नावाच्या लंडनच्या ठसेकाराने घेतले आणि त्यांवरून पुन्हा नग पाडले. ठसे खरे, पण वर्षं उलटून गेलेली. मग ओळखायचं कसं? गंजावरून. ठशावर गंज चढला की खड्डे पडतात, आणि खड्डा नाण्यावर उठाव होऊन येतो. गुळगुळीत जागेवर पुरळासारखे बारीक दाणे उठलेले दिसले की समजायचं, ठसा गंजल्यानंतरचा नग आहे. फ्रेंच पदकं आणि टोकनांचं सोपं आहे. पॅरिसच्या टांकसाळीने १८३२ पासून कडेवर खूण मारायला सुरुवात केली: आधी दिवा, मग जहाजाचा नांगर, जहाजाची नाळ, बोट दाखवणारा हात, १८६० पासून मधमाशी, १८८० पासून फळांनी भरलेलं शिंग. म्हणजे १७८० च्या टोकनाच्या कडेवर मधमाशी दिसली तर ते ऐंशी ते शंभर वर्षं नंतर पाडलंय. विकणाऱ्याने सांगितलं नाही तरी कड सांगते. म्हणून मी कुठलंही टोकन घेताना आधी आडवं धरून कड बघतो, चेहरा नंतर.

ओतीव नक्कल ओळखणं त्याहून सोपं. ठोकलेल्या नगाच्या अक्षरांची कड तीक्ष्ण असते, ओतलेल्याची साबणासारखी गोल. भिंगाखाली बुडबुड्यांचे सूक्ष्म खड्डे दिसतात, कडेवर साच्याची शिवण असते किंवा ती घासून काढल्याच्या रेघा. सोबत तीन साधनं ठेवा: दहापट भिंग, दशांश दाखवणारा छोटा काटा आणि व्हर्नियर कॅलिपर. काटा नसेल तर ओळखीच्या सराफाकडे जा, दोन मिनिटांचं काम आहे. वजन आणि व्यास जुळला नाही तर बाकी कितीही गोड कहाणी सांगितली तरी पैसे खिशात ठेवा.

गोड कहाण्या आपल्याकडे फार चालतात, म्हणून हे स्पष्ट लिहितो. ईस्ट इंडिया कंपनीचं म्हणून १८१८, १७१७, १६१६ अशी सालं टाकलेले, रामदरबार, हनुमान किंवा कमळ असलेले तांब्या-पितळेचे जाड "आणे" गड्ड्याच्या यात्रेपासून बाजाराच्या दिवसापर्यंत कुठेही विकायला असतात. कंपनीने अशी नाणी कधीही पाडलेली नाहीत. सुरुवातीच्या काळात मीही एक घेतलं होतं, एका फिरत्या विक्रेत्याकडून, आठवड्याचा खर्च मोडून. यात्रेकरूंसाठी पूर्वापार बनत आलेले रामटंके ही वेगळी गोष्ट. ती श्रद्धेची टोकनं आहेत, त्यांतली काही खरोखर जुनी आणि देखणी आहेत, पण त्यांवरच्या सालावर विसंबू नका. तांदूळ ओढणारं नाणं, ज्याला राइस पुलर म्हणतात, ते तर शुद्ध फसवणूक. तसं नाणं अस्तित्वात नाही. जुन्या नाण्याचे लाखो देतो, आधी फी भरा, असा फोन आला तर भरू नका. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये याबद्दल जाहीर इशारा दिला आहे.

सोलापूरचं म्हणून काय जमवावं, असं मला मित्र विचारतात. गिरण्यांचं गाव आपलं. माझ्याकडे आजोबांचा गिरणीतला पितळी बिल्ला आहे. त्यावर वेल नाही, बुट्टी नाही, नुसता नंबर. पण तिरका प्रकाश टाकला की कळतं, तीन आकडे तीन वेगळ्या जोराने ठोकलेत आणि मधला आकडा किंचित खाली घसरलाय. ठोकणाऱ्याचं नाव कुणालाच माहीत नाही. आपल्या चादरीवरचा मोर तरी कुणाचा? मागावर नक्षी उमटवणाऱ्या जेकार्डच्या पुठ्ठ्यांवर एकेक भोक मोजून पाडणाऱ्या माणसाचं नाव चादरीवर येत नाही. अशा बिल्ल्यांना बाजारात फार भाव नाही, म्हणूनच ते भंगारात जातात. कुणाच्या घरी असतील तर मोडीत घालण्याआधी निदान फोटो काढून, कुणाचा, कोणत्या खात्यातला, एवढं लिहून ठेवा.

पैशाऐवजी टोकन चालवण्याला आपल्याकडे १८८९ च्या धातू टोकन कायद्याने बंदी आली, आणि पुढे २०११ च्या नाणे कायद्याने तो कायदा रद्द करून हा विषय आपल्यात घेतला. तेव्हा आपल्याकडची त्यानंतरची टोकनं बहुतेक हजेरीची, कँटीनची, हमालीची. कायद्याचं आणखी थोडं. शंभर वर्षांहून जुनं नाणं १९७२ च्या कायद्याप्रमाणे पुरावस्तू ठरतं, ते परवानगीशिवाय देशाबाहेर पाठवता येत नाही. आणि जमिनीत सापडलेलं धन दहा रुपयांहून जास्त किमतीचं असेल तर १८७८ च्या कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. शेत नांगरताना हंडा लागला तर आधी तहसील गाठा.

जपणुकीत एकच चूक सगळे करतात: घासणं. काकूने एकदा माझ्यावरच्या मायेने तांब्याची चार टोकनं चिंच आणि रांगोळीने लख्ख करून ठेवली, समईबरोबर. दोनशे वर्षांत चढलेला चॉकलेटी थर पाच मिनिटांत गेला आणि त्याखाली अक्षरांची धारही गेली. तो थर म्हणजे मळ नव्हे, तांब्याचं कवच आहे. फार तर डिस्टिल्ड पाण्यात बुडवा, टिपून कोरडं करा, बस. मऊ पीव्हीसीच्या पाकिटातून हिरवट चिकट द्रव सुटतो आणि धातू खातो, म्हणून पॉलिएस्टरची पाकिटं घ्या. आपली कोरडी हवा तांब्याला मानवते, मुंबईच्या खाऱ्या दमट हवेपेक्षा कितीतरी बरी. पण मे महिन्यात बोटांना घाम असतो, तेव्हा नग नेहमी कडेने धरा.

सुरुवात करायची तर एकच ठसेकार किंवा एकच कारखाना निवडा. सगळं जमवायला गेलं की डबा भरतो आणि डोळा तयार होत नाही. मी हॅनकॉक निवडला. त्याचे झिजलेले तीन-चार नग बघून बघून आता त्याची पापणी कोरायची पद्धत ओळखू येते, सही नसली तरी. नाशिकजवळ अंजनेरीला नाणेशास्त्राची संशोधन संस्था आहे, मुंबईत फोर्टात रिझर्व्ह बँकेचं मुद्रा संग्रहालय आहे. दोन्हीकडे एकदा जाऊन या.

गेल्या महिन्यात ते ड्रुइडचं टोकन मी सराफ कट्ट्यावरच्या काकांना दाखवायला नेलं. कुणाचं, कुठलं, काही सांगितलं नाही. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, डोळ्याला भिंग लावलं आणि टोकन तिरकं करून खिडकीच्या उजेडात बराच वेळ फिरवलं. "म्हाताऱ्याचं तोंड कोरलंय," ते म्हणाले, "अक्षरं ठोकलीत. आणि हे बघा, हा एक बसवताना त्याची जागा संपत आली होती, म्हणून दाटून बसवलाय." मी भिंग घेतलं. दोन अक्षरांमधली फट खरोखर कमी होती. इतक्या वर्षांत मला ती दिसली नव्हती. काकांनी टोकन परत माझ्या हातात ठेवलं आणि विचारलं, "हयात आहे का हा कारागीर?"